तांबडीची चंदी

उस्ताद आणि त्यांचा जावई यांच्यातून गेले आठ महिने विस्तव जात नव्हता. एकच पागा, सात घोडे, एक नळ, एक फाटक, आणि सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत एकमेकांच्या पायात पाय. तरी बोलणं नाही. रागवायला कुणालाही येतं, पण इतकं चिवट रागवायला अंगात धमक लागते, आणि ती दोघांच्याही अंगात गरजेपेक्षा जास्त होती.

अडचण एवढीच की पागेत मुकं राहून चालत नाही. घोड्याजवळ जाताना आधी आवाज द्यायचा, मग डाव्या खांद्याच्या बाजूने जायचं, मानेवर हात ठेवायचा आणि मगच पुढचं काम, हा उस्तादांनी चाळीस वर्षं शिकवलेला पहिला धडा. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मागे येऊन मुकाट उभा राहिलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, संकट वाटतं, आणि संकटाला तो लाथ घालतो. तेव्हा तोंड उघडणं भागच होतं. मग दोघं घोडीशी बोलत. मधल्या ठाणावर तांबडी होती, एकवीस वर्षांची, पाठीला थोडी वाकलेली आणि स्वभावाने गरीब. तिच्या कानावर घालून सासरा-जावई एकमेकांना सुनावत.

"तांबडे, नळ कुणी वाहता ठेवला ते विचार. यांच्या बापाने तलाव बांधून ठेवलाय वाटतं."

"तांबडे, त्यांना सांग, नळाचा वायसर गेलाय. तीन दिवस झाले. दिसायला डोळे लागतात."

तांबडी कान हलवायची आणि वैरण खायची. दोघांच्या भांडणात तिचं काही नुकसान नव्हतं, निदान त्या दिवसापर्यंत तरी.

भांडण सुरू झालं ते एका दोरीवरून. घोडा चालवत नेताना दावं हाताला कधी गुंडाळायचं नाही, घड्या घालून मुठीत धरायचं, हा उस्तादांचा दुसरा धडा. घोडा बिचकला आणि पळाला तर गुंडाळलेल्या दाव्याबरोबर बोटं जातात. हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. आणि आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी, एका हातात बादली होती म्हणून, उस्तादांनी स्वतःच पांढऱ्या घोड्याचं दावं दुसऱ्या हाताला दोन वेढे देऊन घेतलं. फाटक आपटलं, घोडा उसळला, उस्ताद चार पावलं फरफटले आणि उजव्या हाताची करंगळी मोडली. चूक झाली, ठीक आहे. चूक कुणाची होत नाही? पण समोर शिकायला आलेली आठ बायका-माणसं उभी होती, आणि जावई त्यांना उठवता उठवता म्हणाला, "मामा, दावं हाताला गुंडाळायचं नसतं. फाटकावर लिहिलंय की."

फाटकावर लिहिलं होतं हे खरं. जावयानेच एक मोठा फळा रंगवून तिथे ठोकला होता. मागे उभं राहू नका. वाकून बसा, पण घोड्याजवळ गुडघा टेकू नका. चारताना तळहात सपाट ठेवा. स्वार होण्याआधी खोगिराचा तंग दुसऱ्यांदा तपासा. एकूण चौदा कलमं, आणि चौदाही उस्तादांच्या तोंडची. कुठे नाव नाही, गाव नाही. त्यांचीच वाक्यं त्यांच्याच तोंडावर मारली, तीही आठ जणांसमोर. उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. करंगळी वाकडी जुळली आणि मनही तसंच जुळलं.

जावई पूर्वी औषधांच्या दुकानात होता. पुड्या बांधायचा, मिलिग्रॅममध्ये विचार करायचा. उस्तादांचा गुडघा गेला, मुलगा चौथ्या मजल्यावरच्या घरात जाऊन नोकरीला लागला, आणि पागा लेकीच्या अंगावर पडली, तेव्हा तो दुकान सोडून मदतीला आला. येताना एक तराजू घेऊन आला. घोड्यांची चंदी, म्हणजे दाणा, वजन करून घालायची म्हणाला. उस्तादांनी जन्मभर पत्र्याच्या डब्याने चंदी घातली होती, कामाच्या घोड्याला तीन डबे, रिकाम्याला दोन, आणि एकही घोडा उपाशी मेला नव्हता. जावयाने प्रत्येक डबा तोलला आणि सांगितलं की एकच डबा ओटचा वेगळा भरतो, मक्याचा वेगळा, दाबून भरला तर आणखी वेगळा. हे बरोबरच होतं, म्हणून तर जास्त लागलं. उस्तादांनी त्याचं नावच तराजू पाडलं. तांबडीशी बोलताना ते त्याला दुसऱ्या नावाने ओळखतच नसत.

तराजूने आणखी एक केलं. चंदी ठेवायच्या खोलीच्या, दाणागोठ्याच्या, दारावर एक पाटी लावली. कोणत्या घोड्याला, किती वाजता, किती चंदी, ते घालणाऱ्याने लगेच लिहायचं. उस्तादांनी त्या पाटीवर आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. "तांबडे," ते एकदा मोठ्याने म्हणाले होते, "पाट्या वाचून पोट भरणारा घोडा दाखव म्हणावं, मी खडू खाईन."

शेवटी लेकीने वाटणी करून दिली. तांबडीची सगळी देखभाल बाबांची, बाकी सहांची नवऱ्याची. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे महिन्याभरापूर्वी, दोघांनी रागारागात एकमेकांवर सोडल्यामुळे पांढऱ्याला दिवसभर पाणीच मिळालं नाही तेव्हा, तिने दोघांना खोगिरांच्या खोलीत उभं केलं. ती बापासारखीच तापट होती, पण तिचा राग थंड असायचा.

"आता नीट ऐका. तुम्ही बोला, नका बोलू, एकमेकांची डोकी फोडा. पण तुमच्या या तमाशात घोड्याला काही झालं, तर ज्याच्यामुळे झालं तो पागेच्या बाहेर. बाबा, तुम्ही दादाकडे, चौथ्या मजल्यावर. आणि तू परत पुड्या बांधायला. मी रडणार नाही आणि ऐकूनही घेणार नाही."

उस्तादांना लेक पुरती माहीत होती. चौथा मजला त्यांनी एकदा आठवडाभर भोगला होता. गॅलरीतून खाली गाड्यांची टपं दिसायची. आंघोळ करून कपडे घातले तरी हाताला घोड्याचा वास येईना, तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. त्या दिवसापासून पागेत त्यांचं एकच लक्ष होतं, चूक तराजूची व्हावी आणि ती सर्वांना दिसावी.

त्या दिवशी उस्तादांना रक्त तपासायला जायचं होतं, उपाशीपोटी. रांग लांब होती. परत यायला नऊ वाजले. पोटात कावळे ओरडत होते आणि डोकं आधीच फिरलेलं. दाणागोठ्याच्या दाराशी आले तर पाटीवर तराजूचं गोल गोल अक्षर: तांबडी, सात वाजता, दीड किलो, भिजवून.

पाटीकडे बघायचंच नाही असा त्यांचा बाणा होता. पण डोळ्यांना बाणा नसतो. त्यांनी वाचलं. ठाणावर पाहिलं तर तांबडीची बादली चाटून ओली होती आणि हनुवटीच्या केसांत दाणे अडकले होते. घोडी खाऊन तृप्त उभी होती.

माझ्या घोडीला हात लावला! वाटणी झाली असताना! आणि दीड किलो म्हणे. चाळीस वर्षं घोड्यांना खाऊ घातलेल्या माणसाच्या घोडीला औषधाच्या पुडीएवढं द्यायचं आणि वर पाटीवर मिरवायचं! उस्तादांच्या मस्तकात तिडीक गेली. खरं तर एक वाक्य पुरलं असतं. सहाव्या ठाणावर तराजू काळ्याचे खूर आकडीने साफ करत वाकून बसला होता, वीस पावलांवर. 'हिला घातलीत का?' एवढंच. पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि आधी बोलायचं म्हणजे हरायचं. घोडीला उद्देशून विचारलं असतं तरी चाललं असतं. तेही त्यांनी केलं नाही. उलट तळहाताने पाटीवरची ती ओळ पुसून टाकली. त्याने घातलेली चंदी ही चंदीच नव्हे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मग जुना पत्र्याचा डबा काढला, पेटीतून तीन डबे भरले, दाबून भरले, वर दाण्यांची रास करून शीगही ठेवली, आणि कोरडेच तांबडीपुढे ओतले.

"खा गं," ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "मालक आलाय तुझा."

घोड्याला पुरे झालं म्हणून थांबता येत नाही. पुढ्यात आलं की तो खातो. तांबडीने सगळं खाल्लं.

साडेअकराच्या सुमाराला ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. उस्ताद खोगिराच्या पट्ट्यांना तेल लावत बसले होते. आवाज ऐकून त्यांचा हात थांबला. उकरणं थांबलं, मग परत सुरू झालं. ते उठले. तांबडी मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, काखेखाली घाम फुटला होता, आणि सकाळपासूनची लीद जिथल्या तिथे सुकली होती, नवीन पडलीच नव्हती. तिने गुडघे मोडले, खाली बसली, आणि पाठीवर लोळण घेतली. चाळीस वर्षांत उस्तादांनी पोटशूळ दहा-बारा वेळा पाहिला होता. त्यातले चार घोडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते.

हातातलं तेलाचं फडकं त्यांनी फेकलं.

"लेकी!" ते ओरडले. "डॉक्टरीणबाईंना बोलाव! तांबडीचं पोट!"

पुढची पंधरा मिनिटं दोघांनी मिळून काम केलं, एक शब्दही न बोलता, आणि ते काम इतकं बिनचूक झालं की बघणाऱ्याला वाटावं, हे दोघं जन्माचे भाऊ आहेत. तराजूने वैरण आणि बादली उचलून बाहेर नेली. उस्तादांनी तिच्या तोंडावर दाव्याची मोहरकी चढवली, घोडीला आवाज देत, चुचकारत उठवलं. तराजूने ठाणाचं दार सताड उघडलं आणि लोळताना पाय अडकू नयेत म्हणून वाटेतली फळी बाजूला ओढली. उस्ताद तिला मोकळ्या रिंगणात नेऊन हळूहळू चालवायला लागले. दावं घड्या घालून मुठीत, तिच्या खांद्याशी, पायांपासून जपून. घोडी मध्येच गुडघे मोडू बघायची, ते आवाज द्यायचे, ती परत चालायची. तिचे ओठ आवळलेले होते, आणि डोळ्यांवर सुरकुत्या पडल्या होत्या.

चालता चालता त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता. कुणी पाहिलं नाही. पाटी पुसलेली आहे. सातची चंदी त्याने घातली, आपल्या घोडीला, न विचारता. दोष त्याचाच. हे त्यांनी तीन फेऱ्यांत स्वतःला पटवून दिलं. चौथ्या फेरीला तांबडीने कण्हल्यासारखा आवाज केला आणि पटलेलं सगळं विरघळलं.

डॉक्टरीणबाई आल्या. दंडापर्यंत बाह्या सरसावलेल्या आणि बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी नाडी पाहिली, हिरड्या दाबून पाहिल्या, दोन्ही कुशींना कान लावला. दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं.

"आज काय खाल्लंय? किती, आणि कधी? नीट सांगा."

लेकीने बापाकडे पाहिलं. तांबडी त्यांची. उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

उस्तादांनी तोंड उघडलं. "रोजचंच," ते म्हणाले. "सकाळची चंदी. दीड किलो."

हे शब्द आपण बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. पण बोलून झालं होतं, आणि मागे घ्यायला जीभ वळेना. चौथा मजला डोळ्यांसमोर उभा होता. त्याहून जास्त, तराजूचा चेहरा उभा होता.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. "दीड किलोने असं होत नाही. मग आतडं पिळलेलं असणार, असंच धरावं लागेल. गाडी बोलवा. मोठ्या दवाखान्यात न्यायचं, पोट उघडायचं. चार तासांचा रस्ता आहे. हिचं वय बघता..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "वाटेत टिकेल याची खात्री नाही देत मी. पण इथे उभी करून उपयोग नाही."

लेक फोन काढून गाडीवाल्याचा नंबर शोधायला लागली. उस्ताद दावं धरून उभे होते. आता बोलावं, आत्ता, या श्वासाला. तो श्वास गेला. पुढच्या श्वासाला. तोही गेला. चाळीस वर्षांचा उस्ताद, आपल्या सगळ्यांत लाडक्या घोडीचं दावं हातात धरून, मूग गिळून उभा राहिला. ही लाज सांगताना सांगणाऱ्याचीही मान खाली जाते, पण झालं ते असं झालं.

"थांबा," दाणागोठ्याकडून आवाज आला.

तराजू धापा टाकत येत होता. हात कोपरापर्यंत दाण्याच्या भुशीने माखलेले. या गडबडीत तो कुठे गेला होता याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तो चंदीची पेटी रिकामी करून, पोत्यात भरून, सगळी तोलून आला होता. रोज सकाळी आठला पेटी तोलून आकडा वहीत लिहायची त्याची खोड होती. उस्ताद त्या वहीवर किती हसले होते.

"सातला दीड किलो भिजवून. नऊनंतर साडेतीन किलो, कोरडी. एकूण पाच," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "पोट फुगलंय ते दाण्याने."

"दोनदा घातली? कुणी?"

तराजूने क्षणभर खाली पाहिलं. उस्तादांकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही.

"मी," तो म्हणाला. "विसरलो. परत घातली."

"शाबास," डॉक्टरीणबाई कडवटपणे म्हणाल्या. "घोड्याला उलटी होत नाही, माहीत आहे ना? आत गेलेलं परत वर येत नाही. गाडी राहू द्या. कोमट पाणी आणा, दोन बादल्या. नळी घालते."

नाकातून नळी पोटात उतरवली. उस्तादांनी डोकं धरलं, तराजूने नरसाळ्यातून पाणी सोडलं, आणि बाईंनी नळी खाली करून आतलं बाहेर काढलं. पाणी आलं, पाठोपाठ आंबूस वासाचा दाण्याचा लगदा. परत पाणी, परत लगदा. तासभर तेच चाललं. लगद्याची बादली भरत गेली, आणि प्रत्येक बादलीबरोबर उस्तादांना आपल्या डब्यावरची शीग दिसत होती.

"वेळेत कळलं," नळी काढताना बाई म्हणाल्या. "आकडा मिळाला नसता तर मी हिला गाडीत चढवली असती, आणि पोट फुटून ही वाटेतच मेली असती. आता लीद पडेपर्यंत काही खायला नाही. थोडं थोडं पाणी, अर्ध्या तासाने दहा मिनिटं चालवायचं. लीद पडली की मला कळवा."

त्या गेल्या. लेकीने नवऱ्यापुढे हात पसरला.

"चाव्या."

"अगं..."

"काय ठरलं होतं? चाव्या दे. उद्यापासून दुकानात जा."

तराजूने कंबरेचा जुडगा काढून तिच्या हातावर ठेवला. तो तराजू उचलायला दाणागोठ्यात गेला, आणि लेकीने जुडगा बापाच्या हातात दिला.

"तुमचंच खरं झालं, बाबा. त्याला नाही जमत हे. तुमच्या हातून एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही." तिचा आवाज फाटला होता. "फाटकावरचा तो फळा काढून टाका. नाहीतर तुमचं नाव घाला त्याच्यावर. जे हवं ते करा."

आठ महिने ज्यासाठी जीव टाकला ते सगळं एका मिनिटात उस्तादांच्या हातात आलं होतं. पागा, चाव्या, फळा, आणि तराजूची गच्छंती. ते तांबडीला घेऊन रिंगणात चालत राहिले. दहा मिनिटं चालवायचं, वीस मिनिटं थांबायचं. जुडगा कंबरेला टोचत होता. कुंपणापलीकडे तराजू आपल्या तराजूची पारडी चिंधीने पुसत बसला होता. घरी जा म्हटलं तरी जात नव्हता. लीद पडायची वाट बघत होता.

पाच वाजता तांबडीने शेपूट वर केलं, आणि धपकन लीद पडली. ओली, चांगली, वाफाळणारी. उस्तादांच्या डोळ्यांना धार लागली. कुंपणापलीकडे तराजू उठून उभा राहिला, चिंधी खिशात घातली, तराजू बगलेत मारला आणि फाटकाकडे चालू लागला.

इथे उस्तादांचा सदसद्विवेक जागा झाला असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. जागा झाला तो राग. या माणसाने आपल्याला भीक घातली! चाव्या, पागा, घोडी, सगळं याच्या मेहरबानीवर! आता मरेपर्यंत या फाटकातून येता-जाता याने टाकलेलं खायचं? त्यापेक्षा चौथा मजला परवडला.

"तांबडे!" ते गरजले. तराजू थांबला. लेक नळापाशी बादल्या धूत होती, तिने वळून पाहिलं. "तांबडे, सांग यांना, दुसऱ्यांदा चंदी घालणारा मी होतो. पाटी वाचली, पुसली, आणि घातली. डॉक्टरीणबाईंशी खोटं बोललो. मला कुणाची भीक नको!"

लेक बादली खाली ठेवून हळूहळू जवळ आली.

"घोडीला काय सांगता?" ती म्हणाली. "ती काही खोटं बोललेली नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगा. तोंडाकडे बघून."

उस्तादांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड थकलेलं होतं, आणि त्यात दयामाया काही नव्हती.

"मी घातली," ते म्हणाले.

"माहीत आहे," जावई म्हणाला. "पाटीवर तुमच्या हाताची बोटं उमटलीत. करंगळी वाकडी आहे."

"मग अंगावर कशाला घेतलंत? माझ्यावर उपकार करायला?"

"उपकार?" जावई हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बाईंना आकडा हवा होता. 'कुणी घातली' यावर तुम्ही तिथे अर्धा तास भांडला असता. तेवढ्यात घोडी मेली असती. तुम्ही तिला मरू देत होता, मामा. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून."

तराजूने तोललं होतं, आणि एक ग्रॅमही जास्त टाकलं नव्हतं.

लेकीने बापाच्या कंबरेचा जुडगा काढून घेतला आणि नवऱ्याला दिला. "ठरलं होतं ते ठरलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही ज्याच्या गळ्यात हे पडू दिलंत, तोच आता ठरवेल. तुम्ही राहायचं की जायचं. मी मध्ये पडणार नाही." आणि ती खरंच घरात निघून गेली.

जावयाने त्या संध्याकाळी काही सांगितलं नाही. उस्तादांनी पिशवी भरून ठेवली. दोन सदरे, गुडघ्याचा पट्टा, औषधं. सकाळी सहाला पिशवी घेऊन ते तांबडीचा निरोप घ्यायला पागेत गेले. आवाज दिला, डाव्या खांद्याशी गेले, मानेवर हात ठेवला. ती भुकेली होती. तिने नाकाने त्यांचा खिसा हुंगला.

दाणागोठ्याच्या दाराशी जावई उभा होता. हातात भिजवलेल्या कोंड्याची छोटी बादली होती.

"डॉक्टरीणबाईंनी अर्धा किलो सांगितलाय," तो म्हणाला. घोडीला नव्हे, त्यांना. "घालून या. मग पाटीवर लिहा."

"मी निघालोय."

"जायचं तर जा. तिला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लावावी लागेल, एवढंच." त्याने बादली जमिनीवर ठेवली. "राहायचं असेल तर रोज लिहायचं. मी सांगेन तेवढंच घालायचं. तुमचा डबा मी भंगारात टाकलाय."

उस्तादांना त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बादली उचलली, आणि तांबडीपुढे धरली. तिने सगळं खाल्लं, बादलीचा तळही चाटला. मग ते पाटीपाशी आले. खडू कसा धरायचा हेच करंगळीला आठवेना. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: तांबडी, सकाळी, दिलं.

जावयाने वाचलं. खिशातली चिंधी काढली, ओळ पुसली, आणि खडू परत त्यांच्या हातात दिला.

"किती वाजता, आणि किती," तो म्हणाला. "ते लिहा."

उस्तादांनी लिहिलं.